केशव मस्केनं किती मारले

रिटायर झाल्यापासून माझी पोस्टिंग आखाडा बाळापूरला आहे, बसस्टँडसमोरच्या हॉटेलात. ड्यूटी सकाळी आठ ते दहा. हत्यार म्हणजे अर्धा चहा. शत्रू म्हणजे समोरच्या बाकड्यांवर बसलेले सगळे.

हे मी थट्टेनं म्हणत नाही. नायब सुभेदार होऊन घरी आलो तेव्हा वाटलं होतं की आता युद्धाचं नाव कानावर पडणार नाही. पण या हॉटेलात रोज सकाळी युद्ध पुकारलं जातं. पुकारणारे दिगंबरराव. त्यांचं खताचं दुकान आहे, गावात वजन आहे, आणि पोटही त्याच मापाचं आहे. मोबाइलवर बातम्या मोठ्यानं लावतात, तो टेबलावर उभा करतात आणि बशीतून चहा ओढत हुकूम सोडतात.

"एकदाच घुसा अन् खेळ खलास करा. काहून थांबून राहिलेत, काई कळत न्हाई."

"चला की," मी म्हणतो. "तुम्ही पुढं व्हा. रायफल मी भरून देतो."

"आमाला शुगर हाय, सुभेदार."

सगळे हसतात. मी हसत नाही. मी काही शांततेची कबुतरं उडवणारा माणूस नव्हे. यांचं मत जिथं पडतं तिथंच माझंही पडतं. सीमेवर ढिलाई नको हे माझंही म्हणणं आहे, आणि टीव्हीवर फौजेला अक्कल शिकवणारा शहाणा दिसला की मीही चॅनल बदलतो. पण दिगंबररावांना मी एकदा विचारलं, थोरला वयात आला होता तेव्हा त्याला भरतीला का नाही धाडला? तर म्हणाले, "त्याचे तळपाय सपाट हाईत." गावात सपाट तळपायाची पोरं किती निघतील याचा मी तेव्हापासून अंदाज बांधतो आहे.

बातम्या संपल्या की पिक्चर. लढाईचा नवा पिक्चर लागला की हे लोक गाडी करून हिंगोलीला जातात आणि परत येऊन मला शिकवतात. हिरोनं दातानं ग्रेनेडची पिन काढली. हिरो छातीत गोळ्या घेऊन उभा राहिला, झेंड्याकडे बघत भाषण केलं आणि मग पडला.

"असंच असते ना, सुभेदार?"

"नाही."

"मंग कसं असते?"

याचं उत्तर चहाच्या बाकड्यावर देता येत नाही. दिलं तर चहा थंड होतो आणि माणसं उठून जातात.

काश्मीरमध्ये आमच्या सीमेवरच्या पोस्टवरही पिक्चर व्हायचे. बंकरमध्ये एक टीव्ही होता, जनरेटर चालू असेपर्यंत चालायचा. जवानांना लढाईचे पिक्चर फार आवडायचे, पण हसण्यासाठी. त्यातला मोठा टवाळ म्हणजे नाईक केशव मस्के. माझ्याच जिल्ह्यातला, शिरड शहापूरजवळच्या एका वस्तीवरचा. बटालियनमध्ये हिंगोलीकडची भाषा बोलायला मला तो एकटाच. हिरो गोळीबार करत सुटला की केशव ओरडायचा, "सायेब, ह्यानं अजून मॅगझीन न्हाई बदलली! कोणत्या स्टोअरमधून आणली इचारा त्याला." मरताना हिरो लांबलचक बोलायला लागला की म्हणायचा, "येवढं बोलता येऊन राहिलं तर उठून चालता बी येईल की. चल ऊठ, लंगरमधून रोट्या आण." हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी यायचं.

गेल्या महिन्यात दिगंबररावांच्या मंडळानं ठरवलं की गावातल्या मंगल कार्यालयात मोठा पडदा लावून लढाईचा पिक्चर फुकट दाखवायचा. आधी वीरपत्नीचा सत्कार. वीरपत्नी म्हणजे केशवची बायको सुमन. ती शिरडला भावाकडे राहते. मला म्हणाले, "तुमी त्याच्याच पलटणीतले. दोन शब्द बोला. पब्लिक पेटलं पायजे."

मी हो म्हणालो. केशवचं नाव निघणार आणि मी घरी बसणार, हे जमण्यासारखं नव्हतं.

आदल्या दिवशी चौकात बॅनर लागलं. केशवचा फोटो, मागं आगीचे लोळ, आणि खाली मोठ्या अक्षरांत: तीन शत्रूंना यमसदनी धाडून अमर झालेले वीर केशव मस्के. मी तसाच खताच्या दुकानात गेलो.

"हे तीन कुणी मोजले?"

"त्याच्या अंत्यविधीला सांगितलं होतं ना भाषणात. साऱ्या जिल्ह्याला म्हाईत हाय."

"मी त्या पोस्टवर होतो, दिगंबरराव. तीन नाहीत."

"मंग किती?"

"एकही नाही."

त्यांनी गिऱ्हाइकाकडे पाहिलं आणि मला गोदामात नेलं. "मंग गेला कसा?"

"माइनवर, जमिनीत पुरलेल्या सुरुंगावर पाय पडून. पोर्टरला आणायला गेला होता."

पोर्टर म्हणजे रोजंदारीवर सामान वाहणारा माणूस. वरच्या पोस्टवर गाडी जात नाही. तिथलं रॉकेल, पीठ, बॅटऱ्या, सगळं त्यांच्या पाठीवरून येतं.

"पोर्टर कुठला? आपल्याकडचा?"

"तिथलाच. डोंगरातल्या गावचा. नजीर नाव."

दिगंबररावांनी खताच्या पोत्यावर बोटं वाजवली. मग म्हणाले, "तेवढं नका सांगू. बाईला बरं न्हाई वाटायचं. अन् पब्लिकचा इचका व्हईल. तुमी झेंडा, देश, बलिदान एवढं बोला अन् बसा."

"म्हणजे तुमच्या पिक्चरसारखं."

"तसं समजा."

मला संताप आला आणि तो मी तिथंच बोलून दाखवला. काय बोललो ते इथं लिहीत नाही, लंगरच्या भाषेतलं होतं. बॅनर काही उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालय भरलं. खिडक्यांना सतरंज्या बांधून अंधार केला होता. सुमनबाई पहिल्या रांगेत होती. शाल, नारळ, साडी झालं. तिनं सगळं मांडीवर घेतलं आणि खाली बघत बसली. रिटायर झाल्यावर मी एकदा तिला भेटायला गेलो होतो, पण तेव्हा ती सासरी होती, तिचा दीर समोर बसून राहिला आणि सगळं तोच बोलला. ती चहा ठेवून आत गेली. मी बॉडीबरोबरही आलो नव्हतो, पोस्ट सोडता येत नव्हती. म्हणजे तिच्याशी माझं असं बोलणं कधी झालंच नव्हतं.

दिगंबररावांनी मला माइक दिला आणि हळूच म्हणाले, "ध्यानात हाय ना?"

होतं. म्हणूनच मी जे घडलं ते सांगितलं.

मी सांगितलं की त्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. खालच्या कॅम्पमधून रॉकेल घेऊन एक पार्टी वर येत होती, केशव पार्टी कमांडर. फौजेत कुठलीही पार्टी पोचली की आधी नफरी द्यायची, म्हणजे किती निघाले आणि किती पोचले ते. नफरी दिल्याशिवाय हत्यार ठेवायचं नाही, चहाला हात लावायचा नाही. बऱ्याच पोस्टवर नफरीत फक्त जवान धरतात. केशव पोर्टरलाही धरायचा. "माझ्या मागं चालला तो माझा," असं म्हणायचा.

पार्टी वर पोचली तर नजीर मागं राहिलेला. पाठीवरचा पट्टा सैल झाला म्हणून थांबला होता आणि धुक्यात वाट सोडून बाजूला उतरला. केशव नफरी देत होता तेवढ्यात खाली स्फोट झाला. उतारावर जुन्या माइन्स होत्या. बर्फ वितळलं की त्या पाण्याबरोबर घसरतात आणि नकाशा खोटा पडतो.

रेडिओवरून कॅप्टन साहेबांनी विचारलं, "नफरी बताओ."

"पूरी नहीं है, सर. पोर्टर नीचे है. जिंदा है, चिल्ला रहा है."

"रुको. सर्च पार्टी आने दो."

"सर, तब तक खून निकल जाएगा. मेरी पार्टी का आदमी है."

जरा वेळ नुसती खरखर. मग आवाज आला, "टेप डालते हुए जाना."

केशव उतरला. एका हातात जमीन टोचून बघायची सळई, दुसऱ्या हातानं मागं सुरक्षित वाट दाखवणारी पांढरी टेप सोडत. नजीरच्या पावलांच्या ठशांवरून गेला, त्याचा पाय बांधला, रेडिओवर म्हणाला, "मिल गया, ला रहा हूँ." मी स्ट्रेचर आणि दोन जवान घेऊन त्याच टेपवरून निघालो होतो. टेप एका खडकापाशी डावीकडे वळत होती. आम्ही खडकापर्यंत पोचायच्या आत दुसरा आवाज झाला. परत येताना केशव टेपबरोबर वळला नव्हता, सरळ आला होता.

नजीर बाजूला फेकला गेला होता, शुद्धीवर होता. त्याचा पाय गेला, पण तो वाचला. केशवनं त्याला मानेवर आडवं घेतलं होतं, दोन्ही हात एका बाजूनं आणि शाबूत पाय दुसऱ्या बाजूनं पुढं घेऊन, छातीशी धरून. नजीरनंच तसं सांगितलं. मी सांगितलं की हे मला आजतागायत कळलेलं नाही. माइनफील्डमध्ये माणूस असा उचलत नाहीत, हे नवा रिक्रूटही सांगेल. तिथंच धरून ठेवायचं आणि स्ट्रेचरची वाट बघायची. केशव जुना माणूस होता. तरी त्यानं उचललं.

हेलिकॉप्टर धुक्यात येणार नव्हतं. आम्ही केशवला खाली नेत असताना वाटेतच तो गेला. तो काही बोलला नाही. देश नाही, झेंडा नाही, घर नाही. शुद्धच नव्हती.

"त्यानं कुणाला मारलं नाही," मी म्हणालो. "बाहेरचं बॅनर खोटं आहे."

 मग मागून कुणीतरी ओरडलं, "काश्मिरी पोर्टरसाठी? आपला वाघ?" दुसरा म्हणाला, "हे सांगायला बोलवलं व्हय याला?" तिसऱ्यानं माझ्या पेन्शनचा उद्धार केला. एकानं मला विचारलं की तो पोर्टर आता फौजेवर दगड मारत नसेल, याची खात्री मी देतो का. मी म्हणालो, "एका पायावर उभा राहून?" त्यावर अजून आरडाओरडा झाला. दिगंबररावांनी माइक काढून घेतला. "सुभेदार सायेब जरा भावनेच्या भरात गेले. आपण पिक्चर चालू करू."

दिवे गेले. पडद्यावर तोफा सुरू झाल्या आणि मला शिव्या देणारी तीच तोंडं शिट्या मारायला लागली.

मी बाहेर वऱ्हांड्यात येऊन चपला शोधत होतो. सुमनबाई मागून आली. शाल खांद्यावरून काढून तिनं हातात घेतली होती. मला वाटलं, ही आता मला दोन शब्द सुनावणार. सुनावले असते तर मी ऐकून घेतले असते.

"कसं उचललं म्हणले तुमी? परत सांगा."

मी हातानं दाखवलं. मानेवर आडवं, हातपाय पुढं.

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. "आमच्याकडं लंगडं मेंढरू असंच आणतेत," ती म्हणाली. "खाली ठिवलं की ते भेतं, म्हणून तिथं थांबत न्हाईत. खांद्यावर घ्यायचं अन् निघायचं. ते ल्हानपणापासून मेंढरामागं तेच करत आले. तुमच्या फौजेनं काई बी शिकवलं असंल, अंगात तेच व्हतं."

 इतकी वर्षं जे मला समजलं नव्हतं ते तिनं शाल चुरगाळत उभ्या उभ्या सांगून टाकलं.

"तीन मारले, तीन मारले," ती आतल्या आवाजाकडे मान करून म्हणाली. "मला तर वाटायचं, ह्ये दुसऱ्याच कोणाचं सांगून राहिलेत."

मग तिचा आवाज चढला. डोळे माझ्यावर रोखले होते.

"पण मेंढरू खांद्यावर घेतलं की मान दबते. पुढचं दिसत न्हाई. म्हणून सासरे वरडायचे, एकट्यानं यायचं न्हाई, पुढं कोणीतरी चालाय पायजे. माणूस नसलं तर कुत्रं तरी पुढं सोडायचं अन् त्याच्या मागं मागं यायचं. सगळ्या वस्तीला म्हाईत हाय. एवढी मोठी फौज तुमची. तिथं त्यांच्या पुढं चालायला कोणीच न्हवतं?"

आत हिरोचं भाषण सुरू झालं होतं. टाळ्या पडत होत्या.

धुकं सांगता आलं असतं. स्ट्रेचर सांगता आलं असतं, हुकूम सांगता आला असता. तिनं धुक्याचं विचारलंच नव्हतं.

"नव्हतं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. साडी आणि नारळ वऱ्हांड्यातल्या खुर्चीवर ठेवला, शालही घडी करून वर ठेवली आणि वसमतमार्गे शिरडला जायला बसस्टँडकडे निघाली. मी बरोबर गेलो.  गाडीत जागा मिळेपर्यंत मी खाली थांबलो.

हॉटेलात आता माझ्याशी कुणी फारसं बोलत नाही. दिगंबरराव माझ्याकडे पाठ करून बसतात आणि युद्ध पुकारतात. बॅनर चौकात आहे, उन्हानं फोटोचा रंग उडत चाललाय, तीनचा आकडा मात्र ठळक आहे. मी रोज त्याच्या खालून जातो आणि मनातल्या मनात बरोबर मजकूर वाचतो. नाईक केशव मस्के, शिरड शहापूर. धुक्यात जखमी माणूस खांद्यावर घेऊन परत येत होता, आणि त्याच्या पुढं कुणी नव्हतं.