लाल बटणामागचा मजकूर

शैलाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या आमच्या कॉलेजात पेपर तपासत बसले होते. "ताई, शैला गेली," एवढंच तो बोलला. आजार माहीत होता, तरी पुढचा पेपर उघडवेना... आता महिना होऊन गेलाय.

एकाच कॉलेजात आम्ही शिकवायचो. मी मराठी, ती कॉम्प्युटर. तिला एक वेगळाच नाद होता. माणूस प्रोग्राम शब्दांत लिहितो, पण यंत्रात उतरल्यावर त्याचे नुसते बारीक बारीक हुकूम उरतात, आतल्या गोष्टींना दिलेली नावं पुसली जातात. शैला ते हुकूम वाचून त्यांचा पुन्हा माणसाला कळेल असा प्रोग्राम करायची. "मजकूर वापस येते, नावं येत नाही. ते आपल्यालेच ठेवा लागते," म्हणायची आणि नावं सुचवायला मला शेजारी बसवायची. चहा निवून जायचा...

एकदा महागावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पुढं नेणाऱ्या पट्ट्यात शांताबाईचा उजवा हात अडकला, बोटं गेली. पट्टा बंद करायच्या लाल बटणाशी तिची जाऊ रुक्मा उभी होती. "म्या लगेच दाबलतं," ती सांगत राहिली. पट्टा मात्र चालतच राहिला होता. घरात कुणाचा विश्वास बसला नाही. शांताबाईनं तर बोलणंच टाकलं. रुक्माची मुलगी आमच्या कॉलेजात होती, तिच्याकडून हे शैलाला कळलं.

पट्टा प्रोग्रामवर चालायचा. यंत्र बनवणारी कंपनी बंद पडलेली, मूळ प्रोग्राम कुणाकडेच नव्हता. मालकाला यंत्राची खात्री होती, म्हणून त्यानं यंत्रातली प्रोग्रामची चिप वाचू दिली. दिवाळीच्या सुट्टीभर शैला त्या हुकमांशी झटत होती. एका दुपारी तिनं मला बोलावलं. "हे पाय. बटण दाबलं का आधी पट्ट्यावरचा कापूस पुढं जाऊ देते, मंगच थांबते." त्या मधल्या वेळेला काय नाव देऊ, तिनं विचारलं. मी शब्द शोधत राहिले. "मी 'उशीर' लिहितो," ती म्हणाली.

आम्ही महागावला गेलो. दोघी जावांना समोर बसवून शैलानं सगळं मराठीत समजावलं. रुक्मानं एवढंच विचारलं, "म्हंजे म्या दाबलतं नं?"

"दाबलतं बाई. वेळेवर दाबलतं," शैला म्हणाली.

शांताबाई उठली. तिनं डाव्या हातानं रुक्मापुढं पाण्याचा गिलास ठेवला. मालकानं यंत्र बंद ठेवलं, आणि प्रोग्राम शैलानंच दुरुस्त करून दिला.

परवा शैला गेल्याची बातमी सांगायला मी जिनिंगवर गेले. सकाळची पाळी सुरू व्हायची होती. रुक्मानं रिकामा पट्टा चालू केला, बटण दाबलं. पट्टा जागच्या जागी थांबला. मग तिनं बायांना आत बोलावलं. बातमी सांगायची ठेवून मी ते पाहत राहिले...

"रोज असंच पाह्यतो आमी," ती म्हणाली. "शैला म्याडमनं सांगतलतं, माह्यावर बी विश्वास नोका ठेवू, दाबून पाहत जा."