गायरानाची भागरथामाय

भागरथामाय गावच्या गायरानात शिरताना चपला काढून हातात घ्यायची. अड्याळजवळच्या त्या गावी मी मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिल्याच भेटीत तिनं माझ्या बुटांकडे बघितलं. "जोडे काढा जी गुरुजी. खाली बी निजून आहे." मी काढले, आणि तिसऱ्याच पावलाला काटा भरला. तो तिनंच काढला, बाभळीच्या दुसऱ्या काट्यानं.

तलावापलीकडचं ते गायरान तिच्या लहानपणी भादव्यात फुलून यायचं: तेरडा, गुलाबी कुर्डू, निळा केना. आता नुसतं गाजरगवत होतं. ग्रामसभेत भांडून तिनं दोन वर्षांची चराईबंदी मिळवली. दोन पावसाळ्यांत फुललं नाही, तर गायरान पुन्हा ढोरांना मोकळं. शिवा गुराखी रोज टोमणा मारायचा, की म्हातारी आता ढोरांना फुलांचे गजरे चारणार.

पहिल्या पावसाळ्यात आम्ही गाजरगवत मुळासकट उपटलं. मी उत्साहात निम्मा तेरडाही उपटला. तरी चार कोपऱ्यांत रंग दिसला. "यंदा हे बी झडू द्या, मंग पुढच्या साली पाहा," माय म्हणाली. तिचा नियमच होता: बी झडल्याबिगर विळा लावायचा नाही, आणि गवताची पेंढी गायरानातच तीनदा झटकून मग उचलायची.

कार्तिकात ती आठ दिवस लेकीकडे आंधळगावला गेली. नेमके तेव्हाच तालुक्याहून साहेब येणार होते. मला वाटलं, हे रान फार अस्ताव्यस्त दिसतं. मी सगळं कापून घेतलं, पेंढ्या घरोघर वाटल्या. झटकायचं कोणाला आठवतं! साहेब म्हणाले, "वा, स्वच्छ ठेवलंय." मी दोन दिवस छाती काढून फिरलो.

माय परतली. बोडक्या गायरानाकडे बघत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टेकली. मग हळू म्हणाली, "गुरुजी, शाळा भराच्या आधीच सुट्टीची घंटी काहून देल्ली जी?"

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या डोक्यावर टोपली ठेवली. ती घरोघरच्या गोठ्यात पेंढ्या झटकायची, खाली पडलेलं बियांचं झाडण गोळा करायची. मी ते शिंकत शिंकत तलावाच्या पाळीवरून गायरानात नेऊन पसरायचो. शिवानंसुद्धा हसत हसत आपल्या गोठ्यातलं झाडण दिलं.

पुढच्या भादव्यात गायरान असं फुललं की ग्रामसभा तिथंच भरली. गवत छातीला लागत होतं. शिवाच उठून म्हणाला, "बंदी राहू द्या. ढोरायले कापूनच चारू." माय पदरानं डोळे पुसत हसली.

मग तिनं सगळ्यांना पाळीवर नेलं. गावापासून गायरानापर्यंत कुर्डूची गुलाबी रांग उगवली होती. नागमोडी, मध्येच तलावाकडे घसरलेली, आणि आंब्याखाली, मी दम खायचो तिथं, चांगलीच दाट. माझी टोपली फाटकी होती, हे मला त्या दिवशी कळलं.

वर्षभरानं माझी बदली झाली. पण ऐकतो, की गायरानाची वाट कोणी विचारली तर माय अजून सांगते, "गुरुजी जसा वाकडा गेला, तसंच जा. पोचता बरोबर."