शेवटच्या ओळीतलं नाव

इतकी झरझर यमकं सुचतात कशी, असं लोक मला विचारतात. त्यात माझी हुशारी फारशी नाही. मी वाढलोच तीन भाषांच्या गलक्यात. वडील साताऱ्याकडचे, पलटणीतून सुटून मिरजेच्या मालधक्क्यावर लागलेले. रागावले की हिंदीत शिव्या द्यायचे आणि राग उतरला की गावच्या बोलीत समजूत काढायचे. आई अथणीकडची, कानडी. अंगणापलीकडे तंबोरे करणारे वस्ताद राहायचे, त्यांच्या घरात सगळं दखनी उर्दूत चालायचं. दोन्ही घरचं मी खायचो आणि तिन्ही भाषा बोलायचो.

वस्ताद दिवसभर भोपळे तासायचे आणि जत्रांच्या दिवसांत कलगीचा फड चालवायचे. कलगीवाले शक्तीला मोठं मानतात, तुरेवाले शिवाला. जत्रेत दोन्ही फड समोरासमोर बसतात, डफावर गाऊन एकमेकांना सवाल टाकतात. डफ थांबायच्या आत जवाब आला नाही तर हार. आणि जवाबाच्या शेवटच्या ओळीत, ज्याच्याकडून तो मिळाला त्या गुरूचं नाव घ्यायचं, हा रिवाज. वस्तादांनी मला डफ शिकवला तो आधी भोपळ्यांवर. कच्चा कुठला आणि पक्का कुठला, हे बोटांना कळल्याशिवाय त्यांनी चामड्याला हात लावू दिला नाही.

आई कानडी आहे हे मात्र मी फडात लपवायचो. शाळेत पोरं मला कानडी म्हणून चिडवायची, ते मनात बसलं होतं. फडातली माणसं घरी आली की तिनं कानडीत बोलायचं नाही, असं मी तिला बजावून ठेवलं होतं. ती मग बोलायचीच नाही, चहा ठेवून आत जायची. लग्नात तिचं नावही बदललं होतं. माहेरच्या नावानं तिला हाक मारणारा एकच माणूस, माझा मामा, आणि तो यायचा वर्षातून एकदा. त्या दिवशी ती आतबाहेर करताना गुणगुणायची.

मी एकोणीस वर्षांचा असताना एका जत्रेत आमची गाठ सीमेकडच्या नावाजलेल्या तुरेवाल्यांशी पडली. दुपारची वेळ, कुस्त्या सुरू व्हायच्या होत्या. वस्तादांचा घसा बसला होता, म्हणून पुढे मी. माझं तिथं नाव झालं तर पुढच्या जत्रांची सुपारी माझ्या नावानं येणार होती, आणि मला ते फार हवं होतं. समोरच्या म्हाताऱ्या शाहिरानं सवाल टाकला: पृथ्वी नव्हती, पाणी नव्हतं, तर तुमची शक्ती बसली होती कशावर?

वस्तादांकडे पाहिलं, त्यांनी नाही म्हणून मान हलवली. डफ थांबत आला होता. आणि एकदम आईचं जात्यावरचं गाणं आठवलं. तिच्या आजीचं, कानडीतलं. त्यात होतं तसंच मी मराठीत बांधून फेकलं: आई आपल्याच मांडीवर बसली होती.

फेटे उडाले. समोरचा शाहीर मात्र हसला नाही, माझ्याकडे टक लावून बघत राहिला. "हे आमच्याकडच्या बायकांचं हाय," तो म्हणाला. "तुला कुणी दिलं रं?"

शेवटची ओळ राहिलीच होती. बायकांच्या घोळक्यात, बैलगाडीच्या चाकाला टेकून आई बसली होती, आणि हे गाणं कुणाचं हे तिथं तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी डफावर थाप मारली आणि वस्तादांचं नाव घेतलं.

घरी आल्यावर तिनं जेवायला वाढलं, चटणी हवी का विचारलं. एवढंच. मला वाटलं, तिच्या लक्षात आलं नसेल. खरं तर तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी मला कारखान्यात बोलावलं. हातातला भोपळा खाली न ठेवताच म्हणाले, "जे माझं न्हाई त्याच्यावर माझं नाव घालू नको. ज्याचं हाय, त्याचं घाल." मला इतकी लाज वाटली की महिनाभर मी त्यांच्यासमोर डफ धरला नाही. आईशी मात्र त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. ती लाज अजून मोठी होती.

सुपाऱ्या आल्या. लोणंदपासून जतपर्यंत बोलावणी यायला लागली. आणीबाणी उठली त्या वर्षी सांगलीच्या रेडिओवर गायला बोलावलं. तिथं मी तोच जवाब टेपवर गायलो, या वेळी आधी कानडीत आणि मग मराठीत.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी वस्तादांच्या ओसरीवर सगळी आळी जमली, मीही त्यात. वडील खुर्चीवर ताठ बसले होते, परेडला बसावं तसे. आई दाराच्या आत, निवडायला तांदूळ घेऊन. शेवटची ओळ आली. त्या ओळीत आईचं नाव होतं, माहेरचं. आळीत कुणाला ते नाव माहीत नव्हतं. ही कोण, असं वडिलांनीच आधी विचारलं, आणि मग त्यांना आठवलं.

आईचा हात ताटात थांबला. सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं, ती माझ्याशी कानडीत बोलली, "इन्नोम्मे हेळ." म्हणजे, अजून एकदा म्हण.

रेडिओवर तर बातम्या सुरू झाल्या होत्या. मी डफ न घेता, नुसतं तिचं नाव घेतलं.