व्हर्लिनचे अर्ध्या इंचाचे स्क्रू

व्हर्लिन टॉस्ट्रूड आमच्या शेजारी राहतो. कागदाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली आणि निवृत्त झाल्यावर गॅरेजमध्ये आर्केड खेळांची, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमची, पॅनेलं बनवायला घेतली. वर दांडी आणि बटणं, फळीच्या पोटात तळहाताएवढा सर्किट बोर्ड. गावातल्या तिन्ही बारमध्ये त्याचीच पॅनेलं आहेत. वरचं रंगीत चित्र एकदा चिकटवलं की पॅनेलवर पहिला हात मालकाचा, हा त्याचा नियम. तोवर तो स्वतःसुद्धा वरून बोट लावत नाही. सगळी तपासणी खालून, तारांना तारा लावून.

या वेळी मालक होती माझी मुलगी, लिनीया. वय बावीस. ऑक्टोबरमध्ये फर्निचरच्या कारखान्यातल्या करवतीनं तिच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. तेव्हापासून तो हात जॅकेटच्या खिशात. जेवतानासुद्धा.

"दांडी उजवीकडे घेतो," व्हर्लिन म्हणाला होता. "तळव्यानं ढकलता येईल. बटणं डावीकडे."

"ती नाही खेळायची," मी म्हणाले.

"नाही तर नाही, भिंतीला टांगा. मी बनवणार."

रविवारी मी त्याला टॉर्च धरून उभी होते. पॅनेल टॉवेलवर पालथं, वरचं चित्र चिकटवून झालेलं. बोर्डाच्या चार कोपऱ्यांखाली त्यानं प्लॅस्टिकच्या छोट्या नळ्या ठेवल्या आणि अर्ध्या इंचाचे चार स्क्रू दोन बोटांनी फिरवले. "थांबला की थांबायचं," तो पुटपुटला. मी बोर्डाला हात लावून पाहिला.

"अहो, हलतोय की हा!"

"हलू दे जरासा. आवळला की तडकतो."

तो कॉफी आणायला घरात गेला. मला राहवेना. लिनीया रागानं दांडी ढकलणार, बोर्ड निसटणार, यंत्र पहिल्याच डावात बंद पडणार आणि हात परत खिशात जाणार, कायमचा. मी कोपऱ्यातला एक स्क्रू काढला, बरणीतून जरा लांब शोधून बसवला आणि फिरेनासा होईपर्यंत आवळला. फळी जेमतेम बोटभर जाडीची, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी व्हर्लिन पॅनेल घेऊन आला. लिनीया कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग हात खिशातून बाहेर आला. पाच महिन्यांत मी तो उघडा पाहिला नव्हता. तिनं तळवा दांडीशेजारी टेकवला, त्यावर भार दिला आणि किंचाळली.

निळ्या चित्रावर रक्त. चित्राखाली दडलेलं स्क्रूचं टोक भार पडताच ते फाडून वर आलेलं.

व्हर्लिननं पॅनेल उलटं केलं. चार स्क्रूंपैकी एकाचं डोकं वेगळं होतं. त्याच्या ते लक्षात आलेलं मी पाहिलं. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"माझी चूक, पोरी. म्हातारे डोळे."

लिनीयानं हाताला स्वयंपाकघरातलं फडकं गुंडाळलं आणि वाकून पाहिलं. "खोटं नका बोलू, व्हर्लिन. हे आईचं काम. तिनं झाकण लावलं की आमच्या घरात काकडीच्या लोणच्याची बरणी कुणाला उघडता येत नाही."

"मीच," मी कशीबशी म्हणाले. "मला वाटलं, बोर्ड सुटेल."

"आणि मी हात परत लपवीन?"

"हो."

व्हर्लिननं शर्टाच्या खिशातून अर्ध्या इंचाचा स्क्रू काढला आणि स्क्रूड्रायव्हरसकट माझ्यापुढे धरला. माझा लांब स्क्रू निघता निघेना. शेवटी निघाला. छोटा बसवला, तो थांबला. मनगट आणखी एका फेऱ्यासाठी शिवशिवत होतं.

"आई," लिनीया म्हणाली.

मी थांबले.

"चित्र बदलून देतो," व्हर्लिन म्हणाला. "भोक पडलंय, डाग पडलाय."

"कशाला? पहिला हात लागला ना? आता पॅनेल माझं."

आणि फडकं गुंडाळलेला हात तिनं परत दांडीवर ठेवला.