पहिल्या लेकराचं कारण

माझं पहिलं लेकरू सातव्या महिन्यात पोटातच गेलं. त्यानंतर पुसेगावजवळच्या आमच्या वस्तीवर दोष सगळा माझाच. सासूला मी आत्याबाई म्हणते. त्या आल्यागेल्याला सांगायच्या, "गिऱ्हनात हिनं इळ्याला हात लावला. नको म्हणलं तरी ऐकलं न्हाई." मेंढ्या व्यायला लागल्या की मला तिकडे फिरकू द्यायच्या नाहीत. नवरा हे सगळं ऐकायचा आणि गप्प राहायचा. मला वाटायचं, दुःखानं बोलत नाही.

त्या पहिल्या वेळी दवाखान्यात रक्ताची एक तपासणी राहून गेली होती. किट संपलंय, पुढच्या महिन्यात या, म्हणाले. पुढच्या महिन्यात आम्ही मेंढ्यांमागे लांब गेलो होतो.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा किट होतं. सिस्टरनं रक्त घेतलं आणि थोड्या वेळानं मला आत बोलावून दार लोटलं.

"गरमीचा रोग दिसतोय, सिफिलिस म्हणतात त्याला. नवऱ्याकडून बायकोला होतो. पहिलं बाळ बहुतेक यानंच गेलं असंल. इंजेक्शननं बरा होतो, घाबरू नको. पण नवऱ्यालाही घेऊन ये."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो जराही दचकला नाही.

"मला ठाऊक हाय ते. लग्नाआधी पुण्याला कंपनीत होतो तवाच झालतं. डॉक्टर म्हणला, सुया घे. एक घेतली, जखम सुकली, मंग गेलोच न्हाई."

"मंग आत्याबाई मला बोलायच्या, तवा तुमी काहून गप बसले?"

"असलं मायला सांगतेत का?"

रोज माझ्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला ठाऊक होतं आणि तो आत्याबाईंना मला बोल लावू देत होता.

शेवटी तोंडाला रुमाल बांधून तो दवाखान्यात आला. दोघांचे उपचार झाले. मुलगी धडधाकट जन्मली. बारशानंतर मी आत्याबाईंना खरं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "गडीमाणूस हाय. चालायचंच."

यंदा धाकट्या दिराचं लग्न ठरलं. तोही पुण्यालाच असतो. मी म्हटलं, आधी त्याचं रक्त तपासून घ्या. आत्याबाई अंगावर आल्या, "माझ्या पोराला बट्टा लावून राहिली का?" नवऱ्यानं त्यांचीच री ओढली.

नवरी पोरगी साखरा गावची, जेमतेम विशीची. बस्ता बांधायच्या दिवशी मी तिच्या आईला दुकानाबाहेर नेलं आणि माझ्यावर काय बेतलं ते सगळं सांगितलं. दिराचं मला काही ठाऊक नाही, पण तपासायला काय हरकत आहे, म्हटलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्यापासून जरा लांब सरकली.

"म्हंजे तुला हाय व्हय हा रोग?"

"होता. आता बरी झाले."

"मंग बाई, माझ्या लेकीच्या हळदीला तू हात लावू नको."

दिराचं रक्त कुणी तपासलं नाही. लग्न ठरल्या तिथीला लागलं.