धोंडीबा आणि चार नंबरचं मशीन

खराब मालाच्या खुणा शेवटी नऊच उरल्या, आणि त्यातल्या तिसऱ्या खुणेत धोंडीबाचं नाव होतं.

चाकणच्या त्या कारखान्यात प्लॅस्टिकचे सुटे भाग काढणारी सहा मशिनं. श्रद्धा ताथवड्याला शिकलेली, नवी इंजिनिअर. तिनं दोन वर्षांच्या नोंदी संगणकाला दिल्या: मशीन कुठलं, शिफ्ट कुठली, माणूस कोण, माल चांगला की बाद. कुठल्या गोष्टी एकत्र आल्या की माल बाद होतो, ते त्यानं हुडकायचं. त्यानं अकरा हजार खुणा काढून दिल्या. बहुतेक बिनकामाच्या. चांगल्या मालातही दिसते ती खूण घेऊन काय लोणचं घालायचं? एकच गोष्ट दोनदा सांगणाऱ्या जुळ्या खुणाही तिनं गाळल्या. उरलेल्या नऊंपैकी तिसरी म्हणत होती: चार नंबरचं मशीन आणि धोंडीबा एकत्र आले, की माल बाद.

यादी चार वाजता साहेबांकडे जाणार होती. यादीत नाव म्हणजे मशीन सुटलं, पॅकिंगला रवानगी. धोंडीबाची तेवीस वर्षं मशिनांवर गेलेली. नुसत्या आवाजावरून साचा तापलाय का सांगायचा, आणि कुणी वाहवा केली की चिडायचा.

श्रद्धाला राहवेना. ती स्वतःच यादी घेऊन त्याच्याकडे गेली. त्यानं चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

"खरं हाय मॅडम," तो म्हणाला. "बिघडलेलं मशीन माझ्याच वाट्याला येतं. नशीबच तसलं."

श्रद्धा चमकली. आधी काय झालं आणि मग काय, हे तिनं संगणकाला विचारलंच नव्हतं. तिनं सगळ्या नोंदी वेळेप्रमाणे लावल्या आणि बघतच राहिली. दर वेळी माल आधीच बाद होऊ लागलेला. मग धोंडीबाला तिथं धाडलेलं. आणि तीन तासांत बाद माल निम्म्यावर. असं एकशे बारा वेळा. दोन वर्षांत तीन सुपरवायझर बदलले, पण अडलं की प्रत्येकानं याच माणसाला हाक मारली होती. एका माणसाच्या हातात एवढं असावं आणि त्यालाच त्याचा पत्ता नसावा!

तिसरी खूण खोडून, त्या एकशे बारा नोंदी घेऊन ती परत धोंडीबाकडे गेली. "काका, ते मशीन तुमच्या नशिबानं येत नव्हतं. दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं, म्हणून तुम्हाला देत होते."

धोंडीबानं पुन्हा चष्मा लावून त्या नोंदी वाचल्या.

"मला वाटायचं, साहेब लोकांनी माझ्यावर डूख धरलाय," तो म्हणाला. "तेवीस वर्षं घरी बायकोला हेच सांगत आलो."