बरणीतला भंडारा

माळेगावच्या खंडोबावर माझा पूर्ण भरवसा होता. डॉक्टरांवर मात्र नव्हता, आणि त्यापायी मी सख्ख्या बहिणीचा जीव घ्यायच्या बेताला आलो होतो.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाट्या नव्या, खुर्च्या नव्या, साहेब नवे. पाण्याचा मात्र पत्ता नव्हता. दुष्काळ असा, की आमच्या उदगिरात टँकर आला की कावळेसुद्धा रांग धरत. मी मोंढ्यात धान्य तोलणारा मापाडी. धाकटी सुमन एकवीस वर्षांची, आणि तिच्या पोटात उजवीकडं नारळाएवढा गोळा. हैदराबादला काढलेल्या स्कॅनच्या फिल्मवर त्या गोळ्याच्या मधोमध पांढरी चांदणी दिसत होती. लातूरच्या सर्जननं पोट उघडलं, सुपारीएवढा तुकडा काढला आणि पुन्हा शिवलं. म्हणाले, "लिव्हरचा कॅन्सर दिसतोय. नेहमीचा असेल तर हात लावण्यात अर्थ नाही. तुकडा नांदेडला तपासून आणा."

मी डोळे पुसत होतो तर सुमन खाटेवरून म्हणाली, "दादा, मरायली मी अन् रडायलास तू? लाज वाटू दे की!"

तेव्हा तुकडा तपासायला नातेवाईकच घेऊन जात. नाक जाळणाऱ्या औषधात बुडवलेली ती बरणी मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो. उन्हानं बसचे टायर शिऱ्यासारखे मऊ झाले होते. अहमदपूरच्या पुढं मला वाटलं, या बरणीतून बहीण एकटीच निघालीय, देव संगं नको? झाकण उघडलं आणि खिशातल्या पुडीतला चिमूटभर भंडारा आत सोडला. चिमूट कसली, मूठच ती.

नांदेडचे डॉक्टर बौद्ध घरातले, मूर्तीपुढं हात न जोडणारे. बरणी पाहून कडाडले, "यात हळद कुणी टाकली?"

"भंडारा हाय साहेब. देवाचा."

"देवाचा असो नाहीतर भाजीतला! तुकडा पिवळा झाला. वरचा थर तासून टाकावा लागेल. आतलं कापून बघतो. चार दिवसांनी या."

एवढाच तर तुकडा होता, आणि तोही मी नासवला. सुमनचं पोट दुसऱ्यांदा कोण उघडणार? चार दिवस गोदावरीच्या कोरड्या घाटावर बसून राहिलो. पहिल्या दिवशी देवाला पोतंभर भंडारा कबूल केला, दुसऱ्या दिवशी ट्रकभर, तिसऱ्या दिवशी अख्खी मालगाडी. चौथ्या दिवशी माझ्याकडं कबूल करायला काही उरलं नाही. म्हणालो, "मल्हारी, चूक माझी, लेकरू तुझं. आता तू जाण." आणि कधी नव्हे इतकी गाढ झोप लागली.

सकाळी डॉक्टरांनी मला खांद्याला धरून सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. टपोऱ्या गुलाबी पेशी दिसल्या, ज्वारीचे दाणे जणू, आणि त्यांच्यामधून एकाला एक लागून बांध घातलेले.

"तासलेला थरही पाहिला, त्यात हे बांधासारखे पट्टे नव्हतेच," ते म्हणाले. "नेहमीसारखा वरूनच काप घेतला असता तर साधा कॅन्सर लिहून मोकळा झालो असतो. तुमच्या हळदीनं खोल जायला लावलं. हा कॅन्सरचा दुर्मीळ प्रकार आहे, तरुणांना होणारा. तुम्ही आणलेल्या फिल्मवरची चांदणी म्हणजे याचाच वण, त्यात चुना साठलाय. बाकीचं लिव्हर धडधाकट आहे. गोळा काढता येईल."

मी त्यांच्या पायांवर पडलो. ते मागं सरकले. "अहो, उठा! आणि पुन्हा बरणीत काही टाकू नका."

हैदराबादला गोळा सबंध निघाला. ट्रेमध्ये पाहूनच मी वजन सांगितलं, पावणेदोन किलो, सिस्टर हसली. तिसऱ्या दिवशी सुमननं भाकरी मागितली आणि वर मिरचीचा ठेचा नाही म्हणून वॉर्ड डोक्यावर घेतला.

हे खंडोबानं केलं की डॉक्टरांच्या सुरीनं, याचा हिशेब मी मांडत नाही. मला एवढंच कळलं, की देवाशी घासाघीस करत होतो तोवर माझे हात भरलेले होते. ते रिकामे झाले तेव्हाच त्यात काही पडलं. आज सुमनला दोन लेकरं आहेत. ती त्यांच्यावर ओरडली की उदगीरच्या किल्ल्यावरची कबुतरं थेट बिदरपर्यंत उडतात. शेजारी कानावर हात ठेवतात. मी हात जोडतो आणि ऐकत बसतो.